आवाज लहान होत नाही

पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं आणि ज्याचं इंजिन असतं त्याच्या मनाला ते लागतं: “वाफेवरचंच आहे ना हे? मग बोलत का नाही?” इंग्लंडमधल्या एखाद्या घराची मागची बाग, कमरेच्या उंचीवर मांडलेले ३२ मिलिमीटर गेजचे (म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेले) रूळ, आणि दोन तळहातांवर राहील एवढं पितळ-पोलादाचं इंजिन. आत खराखुरा बॉयलर, खरं पाणी, खरी आग. धुराड्यातून पांढरा पुंजका निघतो, बाजूचे दांडे मागेपुढे होतात, गरम सिलिंडर-तेलाचा जड वास नाकात बसतो. सगळं जागच्या जागी आहे. पण रुळांकडे पाठ करून उभं राहिलं, तर गाडी मागून गेल्याचं कळतं ते गॅस बर्नरच्या ‘हूऽऽ’वरून आणि डब्यांच्या खडखडाटावरून. झुकझुक ऐकूच येत नाही. धुराड्याशी कान नेला तर एक ओलसर ‘फस् फस्’ लागते, आणि दोन हात मागे सरकलं की तीही विरते.

हा प्रश्न जुना आहे. त्यावर लोकांनी डोकं चालवून जे छोटे छोटे जोड तयार केले (‘चफ’ म्हणजे झुकझुकीतला एक ठोका, म्हणून त्यांना ‘चफ पाइप’ किंवा ‘चफर’ म्हणतात, समरलँड्स चफर हे त्यातलं परिचयाचं नाव), ते पाहिले की बागेत वाफेच्या छोट्या गाड्या चालवण्याचा हा छंद किती चिवट माणसांचा आहे हे कळतं. बोटाच्या पेराएवढी पितळी वस्तू, पण तिच्यात ध्वनिशास्त्र, झाळकाम आणि पाण्याचा निचरा असे तीन विषय एकत्र येतात. आणि बहुतेकांचं गाडं अडतं ते पहिल्या विषयावर नाही, तिसऱ्यावर.

इंजिन मुळात गप्प का, हे आधी पाहावं लागतं. एका फुटाला १६ मिलिमीटर हे या गाड्यांचं प्रमाण, म्हणजे साधारण १:१९. दोन फुटी गेज त्यात बरोब्बर ३२ मिलिमीटरचा होतो. (आपली नेरळ–माथेरानची १९०७ सालची लाइनही दोन फुटी. तिची ओरेनस्टाइन अँड कोपेलची इंजिनं या प्रमाणात कुणी घडवली तर ती याच रुळांवर धावतील.) लांबी १९ पटींनी घटते, पण सिलिंडरचं घनफळ १९ गुणिले १९ गुणिले १९, म्हणजे जवळजवळ ६,९०० पटींनी. १४ मिलिमीटर व्यासाचा आणि १६ मिलिमीटर स्ट्रोकचा (म्हणजे दट्ट्या तेवढा सरकणारा) सिलिंडर घ्या. एका फटक्याला अडीच घनसेंटिमीटर वाफ, चहाचा अर्धा चमचा. सेफ्टी व्हॉल्व्ह भले तीन बारला उडत असेल, पण सपाट रुळावर दोन हलके डबे ओढताना रेग्युलेटर (बॉयलरमधून सिलिंडरात वाफ सोडणारी झडप) जेमतेम किलकिला असतो आणि सिलिंडरात पोचणारा दाब त्या तिनाच्या पासंगालाही पुरत नाही. ठोका म्हणजे दट्ट्यानं काम केल्यावर उरलेला दाब झडप उघडताच एकदम सुटणं. इथे सुटायला काही उरलेलंच नसतं.

हवेला तर प्रमाण माहीतच नसतं.

शिट्टीवरून हे फार चांगलं लक्षात येतं. एका बाजूनं बंद असलेली ३० सेंटिमीटर लांबीची शिट्टी वाफेवर साधारण ३९० हर्ट्झचा सूर देते, कारण कोरड्या वाफेत आवाज सेकंदाला सुमारे ४७० मीटर जातो आणि बंद नळीत सुराची पाव लाट मावते. हीच शिट्टी प्रमाणात लहान केली की १६ मिलिमीटरची होते आणि सूर चढतो ७,३०० हर्ट्झवर. दिसायला अस्सल, पण कानाला टोचणारी किणकिण. जे शिट्टीचं तेच धुराड्याचं. मोठ्या इंजिनाच्या ठोक्यात छातीत जाणवणारा जो खर्ज असतो तो १२ मिलिमीटरच्या भोकातून बाहेर पडूच शकत नाही. एवढंसं तोंड तेवढी हवा हलवत नाही. त्यामुळे ‘हुबेहूब मूळ आवाज’ ही अपेक्षा पहिल्यांदाच सोडून द्यायची. हाती येतो तो ५०० ते १,००० हर्ट्झच्या पट्ट्यातला एक भरीव ‘चफ’, आणि तेवढाही कानाला पुरतो, कारण उरलेलं आपण मनानं भरून काढतो.

एक गोष्ट मात्र फुकटात जुळून आली आहे: लय. दोन सिलिंडर, दोन्ही बाजूंनी वाफ घेणारे, क्रँक (दट्ट्याच्या दांड्यांनी चाक फिरवणाऱ्या खुंट्या) एकमेकींशी काटकोनात, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके. खऱ्या गाडीचं चाक दोन फूट व्यासाचं धरलं आणि वेग ताशी २० किलोमीटर, तर सेकंदाला साधारण साडेअकरा ठोके पडतात. मॉडेलचं चाक १९ पटींनी लहान आणि प्रमाणातला वेगही १९ पटींनी कमी, म्हणून ठोके तेवढेच. ताशी १० च्या चालीत सहाच्या आसपास, सुटे सुटे मोजता येतील असे. पण मालकाला पळवायची हौस असते. तेच इंजिन सेकंदाला एक मीटर धावू लागलं की ४० ठोके होतात, आणि सेकंदाला वीसच्या पुढे कान ठोके वेगळे धरतच नाही, त्यांची घरघर होते. अशा इंजिनाला कितीही महागडा चफर लावा, भुणभुण मोठी होईल एवढंच.

कामाला हात घालायचा तो बर्नरपासून. गॅसवरच्या इंजिनांत अग्निनळीतला (बॉयलरच्या आतून जाणाऱ्या, आग असलेल्या नळीतला) बर्नर बहुधा सगळ्यांत मोठ्यानं ओरडत असतो. बॉयलर थंड असताना नळी गुरगुरते ती गॅस जास्त आणि हवेचं प्रमाण बिघडलेलं म्हणून. गॅस बारीक करा, हवेची कडी थोडी थोडी फिरवत आवाज पडेल ती जागा शोधा, जेटमध्ये (गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीत) कचरा असेल तर तो उलट बाजूनं फुंकून काढा. तार घालून जेट ‘साफ’ करणारे त्याचं भोक मोठं करून ठेवतात आणि मग बर्नर कायमचाच गुरगुरतो. सेफ्टी व्हॉल्व्ह सतत फुसफुसत असेल तर आग गरजेपेक्षा मोठी आहे, तीही कमी करायची. एवढ्यानंच कित्येक इंजिनांचा ठोका ऐकू येऊ लागतो. चफरचे पैसे वाचले तर वाचले.

आता चफरचं पोट. पहिली कल्पना सगळ्यांनाच सुचते ती बंद बुडाची सरळ नळी, कारण ती धुराड्यात बसते. पण धुराड्यात मिळते ४० मिलिमीटरची जागा, आणि ४० मिलिमीटरची बंद नळी वाफेत २,९०० हर्ट्झच्या आसपास वाजते. म्हणजे पुन्हा किणकिण. खाली उतरायचं तर पोट आणि मान असलेली डबी हवी, रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली की वाजते तशी. १८ मिलिमीटर आतल्या व्यासाची, ३० मिलिमीटर उंचीची पितळी डबी (साडेसात घनसेंटिमीटर) आणि तिच्यावर ४ मिलिमीटर भोकाची, १० मिलिमीटर लांबीची मान, हे गणित ८०० हर्ट्झच्या जवळ जातं. डबी २५ बाय ४० ची केली तर ५०० च्या. पण मग स्मोकबॉक्समध्ये (बॉयलरच्या पुढच्या, धुराड्याखालच्या पेटीत) अग्निनळीतून येणाऱ्या गरम वायूला वाटच उरत नाही, ज्योत पिवळी पडते आणि न जळालेल्या गॅसचा वास येऊ लागतो. नाकापेक्षा मोती जड, तशातली गत. बंद खोलीत असा वास आला तर आधी गॅस बंद करायचा, बाकी सगळं नंतर. मान रुंद केली की सूर वर जातो: ४ ची ६ मिलिमीटर केली तर ८०० चे जवळजवळ १,२०० होतात. लांब केली की खाली येतो.

डबी करण्यात अवघड काही नाही, नेटकेपणा मात्र हवा. अर्ध्या मिलिमीटर जाडीची पितळी नळी कापून लेथवर दोन्ही तोंडं काटकोनात आणायची. बुडाला दीड मिलिमीटरची चकती, वर एक मिलिमीटरची, वरच्या चकतीत मान. सगळे सांधे चांदीच्या झाळाचे. साधा कथील-शिशाचा डाग १८३ अंशांपासूनच मऊ पडतो आणि अग्निनळीच्या तोंडाशी तापमान त्याहून सहज वर जातं, मग भर धावत्या गाडीत बूड निखळून स्मोकबॉक्समध्ये पडतं. झाळण्याआधी बुडाला १.२ मिलिमीटरचं भोक पाडून ठेवायचं. बंद डबी तापवली तर आतली हवा झाळातूनच वाट काढते आणि सांध्याला बारीक छिद्र ठेवते. हेच भोक पुढे पाण्याच्या निचऱ्याला कामी येतं.

गोम आहे ती वाफ कुठून न्यायची यात. सरळ डोक्याचा माणूस एक्झॉस्टची (वापरलेली वाफ बाहेर नेणारी) नळी डबीत सोडतो आणि मानेतून वाफ बाहेर काढतो. झालं, त्यानं सायलेन्सर बनवला. पोकळीत शिरलेला झटका तिथेच पसरतो आणि मानेतून मवाळ होऊन निघतो. मोटारीच्या सायलेन्सरची एखादी पोकळी हेच तर करते. वाफेनं डबीच्या बाहेरूनच सरळ धुराड्यात जायचं आणि जाता जाता झोताची कड तेवढी मानेच्या तोंडाला घासून जायची. एक्झॉस्टच्या नळीचं तोंड मानेच्या तोंडाखाली साधारण एक मिलिमीटर ठेवून सुरुवात करावी आणि मग नळी चिमटभर इकडे, चिमटभर तिकडे वाकवत ऐकत राहावं. झोत मानेत पूर्ण शिरला तर आवाज बसतो, पूर्ण चुकला तर जुनीच फस् फस्. मधली जागा अर्ध्या मिलिमीटरची असते, आणि ती सापडते तेव्हा ठोक्याला एकदम अंग येतं. शिट्टीसारखा सूर धरून राहायला लागलं तर मानेची कड फार धारदार आहे. बारीक पॉलिश कागदानं ती बोथट करायची. आपल्याला सूर नकोय, उठून लगेच मिटणारा आघात हवाय.

सूर तोंडानं फुंकून जुळवणाऱ्यांसाठी एक सूचना. थंड हवेत जो सूर येतो त्याच्या १.३७ पट वर तो वाफेत जातो. गाण्याच्या भाषेत, फुंकून ‘सा’ मिळाला तर धावताना तो शुद्ध मध्यमाच्याही किंचित वर लागतो. म्हणून टेबलावर आवाज जरा जास्तच खोल, ढोबळ वाटला पाहिजे. टेबलावर गोड वाटलेली डबी रुळावर केकाटते.

नळीचं तोंड बारीक केलं की झोत जोरकस होतो आणि आवाज वाढतो, हे खरं. मोह तिथेच होतो. पण प्रत्येक दशांश मिलिमीटरला दट्ट्यामागे दाब साचत जातो. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास: जे इंजिन अर्ध्या चमच्यावर चालतं, त्याच्याकडून ती वाफ बाहेर ढकलण्याचंही काम करून घ्यायचं. आतला व्यास ३.२ मिलिमीटर असेल तर तोंडाला २.४ च्या खाली जाऊ नये, आणि तिथूनही ०.१ च्या टप्प्यानं ड्रिल मोठं करत न्यावं. परीक्षा सोपी आहे. रोलरवर (जागच्या जागी चाकं फिरू देणाऱ्या रुळ्यांवर) इंजिन ठेवून, चफर नसताना किती दाबावर चाकं जेमतेम सरकतात ते दाबमापकावर पाहून ठेवा. ०.७ बारवर सरकत होती आणि आता एक बार लागतोय, तर तोंड घट्ट आहे. दुसरी खूण चालीत दिसते: हळू चालताना इंजिन गचके खातं, पूर्वी एका भरण्यात जेवढं धावायचं त्याच्या आतच बॉयलर तळाला जातो. स्पिरिटच्या किंवा कोळशाच्या इंजिनाला तर या वाटेनं जायचंच नाही. तिथे बहुधा एक्झॉस्टचा झोतच आगीला ओढ देतो. त्याचा कोन बदलला की दाब पडतो आणि गाडी बागेच्या पार दुसऱ्या टोकाला उभी राहते, जिथे हात पोचत नाही.

आणि पाणी.

थंड सिलिंडरात शिरलेली पहिली वाफ वाफ राहतच नाही. पहिले काही फेरे धुराड्यातून गरम पाणी आणि तेल उडतं (पांढरा शर्ट घालून इंजिनावर वाकू नये), आणि त्यातलं बरंचसं थेट डबीच्या मानेत जाऊन बसतं. डबीत पाणी साचलं की पोट लहान होतं, सूर चढत जातो, आणि मान बुडली की आवाज एकदम बंद. ‘सकाळी छान वाजत होता, आता गप्प झाला’ या तक्रारीमागे दहातल्या नऊ वेळा एवढंच असतं. बुडाचं भोक यासाठी, पण नुसतं भोक पुरत नाही. सिलिंडरचं घट्ट तेल पाण्यात घुसळून पिवळट-राखाडी चिकटा होतो आणि १.२ मिलिमीटरचं भोक दोन-तीन सत्रांत बुजवतो. निचऱ्याला २ मिलिमीटरची नळी झाळून ती चौकटीच्या खाली काढली तर बरं. स्मोकबॉक्सच्या तळाला तेलपाणी साचून पत्रा गंजत नाही. नळीमुळे पोटाला थोडी गळती लागते आणि आवाज किंचित पडतो, तेवढं चालवून घ्यायचं. डबी एक्झॉस्टला कायमची झाळू नये. पीटीएफईची (टेफ्लॉनची) बारीक ओ-रिंग (गोल कडी) लावून ती दाबून बसेल अशी ठेवली तर गाडी थांबल्यावर उपसून, स्पिरिटात बुडवून, फुंकून परत ठेवता येते. पीटीएफई २६० अंशांपर्यंत टिकतं, म्हणून रिंग अग्निनळीच्या तोंडासमोर येणार नाही एवढं पाहायचं. लुब्रिकेटरमधून (वाफेत तेल सोडणाऱ्या भांड्यातून) तेल गरजेपेक्षा जास्त जात असेल तर तेही आवरा. धुराड्याभोवती तेलाचं काळं कडं उमटू लागलं की समजावं.

चफर लागला की इंजिनाची खोड बाहेर पडते. इतके दिवस जे फस् फस् मध्ये खपून गेलं ते आता कानावर येतं, आणि ऐकणं हीच तपासणी होते. ठोके डावा-पुढचा, उजवा-पुढचा, डावा-मागचा, उजवा-मागचा अशा क्रमानं पडतात. चारातला एक सोडून एक मंद असेल तर एका बाजूचा अख्खा सिलिंडर कमजोर आहे: पॅकिंग सैल, किंवा त्या बाजूची वाफेची वाट चोंदलेली. चारातला एकच मंद असेल तर एका झडपेची मध्यजागा सरकली आहे. झडपेच्या दांड्यावर एम-२ चे (दोन मिलिमीटर व्यासाचे) आटे असतील तर एका फेऱ्यात झडप ०.४ मिलिमीटर सरकते. नट अर्धा फेरा फिरवून पाहा, ऐका, गरज पडली तर पाव फेरा मागे या. ठोक्यांचा जोर सारखा पण अंतर दोन-दोनच्या जोडीनं पडत असेल, घोड्याच्या दुडक्या चालीसारखं, तर क्रँक काटकोनात नाहीत. ते काम चाकं उतरवल्याशिवाय होत नाही. काहीजण ते तसंच ठेवतात आणि त्या लंगडण्यालाच इंजिनाचा स्वभाव म्हणतात. मला त्यात गैर वाटत नाही. वर्कशॉपला जायची पाळी टळून गेलेली मोठी इंजिनंही अशीच लंगडत.

शिट्टीबद्दल थोडक्यात. १६ मिलिमीटरची शोभेची शिट्टी केबिनवर राहू दे, वाजणारी वेगळी आणि लपलेली असावी: पाण्याच्या टाकीच्या आत किंवा पायफळीखाली, १५० मिलिमीटर लांबीची, म्हणजे ७८० हर्ट्झच्या आसपास. वाफ बॉयलरच्या डोमच्या (वरच्या घुमटाच्या) माथ्यावरून घ्यायची, बाजूनं घेतली तर पाणी ओढलं जाऊन शिट्टी गुळण्या करते. नळी तोंडाकडे किंचित उतरती ठेवायची, म्हणजे साचलेलं पाणी बाहेर पडतं. तोंड आधी लहानच कापावं आणि कानशीनं थोडं थोडं वाढवत न्यावं. काढलेलं पितळ परत येत नाही. तोंड दाबाच्या मानानं लहान राहिलं तर शिट्टी आपला सूर सोडून तिप्पट वरच्या सुरावर उडी मारते. आणि बॉयलर जेमतेम २०० मिलिलिटरचा असेल तर लांब शिट्टी मारणं म्हणजे पुढच्या वळणावर गाडी थांबवणं. ज्याला हौस आहे त्यानं स्टेशनात उभं असताना वाजवावी.

इलेक्ट्रॉनिक आवाजाचा पर्याय आहेच. आसावर चार लोहचुंबक, एक हॉल सेन्सर (चुंबक जवळ आला की खूण देणारा), टेंडरमध्ये (इंजिनामागच्या इंधनाच्या डब्यात) स्पीकर आणि बॅटरी. ठोका चाकाशी तंतोतंत जुळतो, खर्जही बरा मिळतो. स्पीकरला उष्णता आणि तेल सोसत नाही म्हणून त्याला इंजिनात जागा नाही. पण आवाजाच्या साध्या कार्डाला ओझं कळत नाही. गाडी उतारावर रेग्युलेटर मिटून नुसती घरंगळत असली तरी ते चढावर असल्यासारखं धापा टाकत राहतं. विजेवरच्या गाडीत ते खपतं. ज्याच्या पोटात खरी वाफ आहे त्याच्या पाठीवर रेकॉर्ड केलेली वाफ लादायची, हे मात्र मला पटत नाही.

ओझं कळणं हीच तर चफरची खरी जमेची बाजू. नेरळ सोडून घाटाच्या १:२० च्या चढाला लागल्यावर जुन्या वाफेच्या इंजिनाचा आवाज बदलायचा तो ड्रायव्हरनं रेग्युलेटर उघडला म्हणून, सिलिंडरात जास्त दाब गेला म्हणून, आणि उरलेला दाब धुराड्यातून जास्त जोरात सुटला म्हणून. बागेतही तेच नियम लागू. रिकाम्या डब्यांच्या गाडीला लावलेला उत्तम चफर कुजबुजतो आणि लोक करणाऱ्याला दोष देतात. तीन-चार वाघिणींच्या (मालडब्यांच्या) तळाशी शिसं चिकटवून प्रत्येकी पाव ते अर्धा किलो वजन वाढवा, वजन दोन्ही आसांवर सारखं पडेल असं. जास्त लादलं तर प्लास्टिकचे बेअरिंग झिजतात आणि वळणावर मधलीच वाघीण उलटते. बागेत चढ नसेल तर शेवटच्या वाघिणीच्या आसावर फेल्टची पट्टी स्क्रूनं दाबून बसवता येते: स्क्रू अर्धा फेरा आवळला की मागे ओढ वाढते, रेग्युलेटर उघडावा लागतो आणि ठोका धारदार होतो. फेल्टला तेल लागू द्यायचं नाही, नाहीतर पट्टी घसरते आणि इंजिन पुन्हा पहिल्यासारखं फुसफुसत पळतं.